अॅल्युमिनियमला रंग चढला!

आज घरीच अॅल्युमिनियमचे नॉब अॅनोडाइज करून (म्हणजे अॅसिडात वीज सोडून त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढवून) लाल रंगवले. खरी मेहनत रंगात नसतेच, ती धुण्या-घासण्यात असते. बोटाचा एक ठसा राहिला तरी तो रंगातून बरोब्बर डोकं वर काढतो.

मग सुमारे 15 टक्के सल्फ्युरिक अॅसिड (अॅसिड पाण्यात घालायचं, उलट कधीच नाही!), नॉब पॉझिटिव्हला, शिशाचा पत्रा निगेटिव्हला. टांगायची तारही अॅल्युमिनियमचीच, तांब्याची विरघळून जाते. शिशाजवळ हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, म्हणून खिडक्या सताड उघड्या. द्रावण 20 अंशांच्या आसपास ठेवणं हीच खरी कटकट; तापलं की थर मऊ पडतो.

बाहेर काढलेला नॉब अगदी निस्तेज दिसतो. पण त्या थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. गरम डायमध्ये, म्हणजे रंगाच्या द्रावणात, बुडवला आणि बघता बघता गुलाबी, मग लाल, मग थेट डाळिंबी! काय दिसतं म्हणून सांगू! नंतर अर्धा तास उकळत्या पाण्यात, म्हणजे छिद्रं मिटतात आणि रंग आतच अडकतो.

ब्रॅकेट अजून बाकी आहे. ते ओतीव, सिलिकॉन भरपूर. त्यावर असा लाल उठणार नाही. त्याला सरळ काळा डाय.