चौथ्या भागाकाराला फुटलेली संख्या

मूळ संख्यांचा तास चालू होता. फळ्यावर फ्रेंच गणिती फर्माची रांग लिहिली: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. दर वेळी २ चा घातांक दुप्पट करायचा आणि उत्तरात १ मिळवायचा. या पाचही मूळ आहेत. रांगेतली प्रत्येक संख्या मूळच असणार, असं फर्माला १६४० मध्ये वाटत होतं.

"मग पुढची, सर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

पुढची म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १: ४,२९,४९,६७,२९७. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे, आणि तिथपर्यंत मूळ संख्या ६,५४२. सगळ्यांनी भागून बघायचं म्हटल्यावर वर्ग हवालदिल झाला.

अशा वेळी आकडेमोडीला हात घालण्याआधी थोडं थांबावं, असं माझं ठाम मत आहे. समजा, 'प' ही मूळ संख्या हिला भागते. मग प ने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १, आणि वर्ग केला की ६४व्या घाताची बाकी १. ६४ च्या आधी कुठल्याच घाताची बाकी १ येत नाही. फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की २ च्या प−१ व्या घाताची बाकी १ असते; म्हणून प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा! स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ही संख्या अवयवांत फोडली. फर्माचा अंदाज खोटा ठरला, पण किल्ली फर्माच्याच घरातली होती. हे मला आजही फार सुंदर वाटतं.

आता ६४ च्या पटीहून १ ने मोठ्या मूळ संख्याच उरल्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... त्यात २५७ रांगेतलीच, आणि रांगेतल्या दोन संख्यांना सामाईक विभाजक नसतो, म्हणून ती बाद. १९३, ४४९, ५७७ यांनी भाग गेला नाही. ६४१ चा भागाकार एका मुलीने फळ्यावर मांडला. ४२९४ मध्ये ६ वेळा, बाकी ४४८. वरून ९ घेतला, ४४८९. ७ चा भाग लागून बाकी २. पुढे दोन शून्यं, ४, १, आणि बाकी पुन्हा ४४८! या वेळी वरून आला ७. ४४८७ म्हणजे बरोब्बर ६४१ गुणिले ७. बाकी शून्य. वर्गात एकच गलका.

भागाकार आला ६७,००,४१७. "आता हीसुद्धा फुटेल?" तीच मुलगी, खडू हातातच.

ल्युका या फ्रेंच गणितीने पुढे तो नियम आणखी घट्ट केला: ६४ च्या जागी १२८. ६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, त्यामुळे तपासायला उरतात फक्त ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. बाक्या आल्या ४४, १२०, ३३४, ६२२. ६७,००,४१७ मूळ निघाली.