नवऱ्यावर पहारा ठेवणं हे माझं काम नाही

नाव न लिहिता लिहितेय. सोलापूर म्हणायला मोठं शहर, पण सकाळी नवी पेठेत बोललेलं दुपारपर्यंत जुळे सोलापुरात पोचतं, आणि मला मुलगी आहे, म्हणून गल्ली, कारखाना, आडनाव काहीच सांगणार नाही. पण विषय सांगणार, नवऱ्याचा लैंगिक गोष्टींवरचा ताबा सुटतो तेव्हाचा. मी रात्री रात्री फोनवर शोधत बसायचे तेव्हा मराठीत दोनच गोष्टी सापडायच्या, एक तर ताकद वाढवायच्या औषधांच्या जाहिराती नाहीतर ब्रह्मचर्यावरची प्रवचनं. ज्या बाईच्या घरात हे चाललंय तिनं सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगत नव्हतं.

तर आमच्या यांचा लैंगिक गोष्टींवरचा ताबा सुटला होता. आधी रात्रभर फोन, मग पैसे देऊन व्हिडिओ कॉल, मग बाहेर जाणं. दारू नाही, मावा नाही, पगार घरात, मुलीला शाळेत सोडायला रोज वेळेवर, त्यामुळे सुरुवातीला मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना ते पटेचना. "अगं पुरुष आहे, होतं असं" हे एक, आणि दुसरं म्हणजे "तूच कुठंतरी कमी पडत असशील बघ". हे दुसरं वाक्य मला जवळच्या बाईनं ऐकवलं, आणि ते मी कितीतरी दिवस खरं मानलं होतं. पुढं डॉक्टरांनी यांच्यासमोरच मला सांगितलं की याचा तुमच्या दिसण्याशी, वागण्याशी, अंथरुणातल्या कशाशीही संबंध नाही. हे वाक्य सोलापुरातल्या प्रत्येक अशा बाईला कुणीतरी पांढरा कोट घालून सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

सासूबाईंनी सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली. यांनी ती अगदी मनापासून घेतली, डोळ्यातनं पाणी येत होतं, मी शेजारीच उभी होते. काही दिवस सगळं नीट चाललं आणि मग मोडलं, आणि मोडल्यावर माणूस आधीपेक्षा खाली गेला, कारण आता बायकोबरोबर देवाचाही गुन्हेगार झालो असं यांच्या डोक्यात बसलं. लाज वाटली की बेचैनी, बेचैनी आली की पुन्हा फोन, फोन झाला की पुन्हा लाज. देवावर माझी श्रद्धा आहे, ती आजही आहे, पण शपथेनं हे सुटत नाही, आईच्या नाही, मुलीच्या नाही, कुणाच्याच नाही.

त्यानंतर यांना कुणीतरी एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडे पाठवलं. त्यानं काही न विचारता 'धातू जातेय' म्हणून महागडी पावडर गळ्यात मारली. असल्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, जादूटोण्यासारखे उपचार आणि लैंगिक ताकदीचे दावे दोन्ही त्यात येतात, तरी भिंती रंगवलेल्या दिसतातच. तिथं जाऊ नका एवढंच सांगते.

खरी वाट मला सापडली ती सिव्हिलमध्ये, आणि तीही यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी गेले तेव्हा. हे बाहेर गेलेत हे कळल्यावर मला स्वतःची तपासणी करायची होती. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी असते, तिथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि तपासणीच्या आधी नि नंतर काउन्सेलर बोलते. मी तोंडाला ओढणी बांधून बसलेले. त्या मॅडमनी टेबलावरची रजिस्टरं बाजूला सारली, दार लोटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सकाळी काही खाल्लंय का ताई?" मग बाकीचं. त्यांनी हेही विचारलं की घरात तुमच्या मनाविरुद्ध काही होतं का, जबरदस्ती होते का. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मला कुणी कधीच विचारला नव्हता. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण लागण झाल्या झाल्या तपासणीत दिसत नाही, मध्ये काही काळ जातो, म्हणून तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या, आणि तोवर कंडोमशिवाय नाही, आणि नको वाटत असेल तर अजिबात नाही, हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. निघताना म्हणाल्या, नवऱ्यालाही तपासणीला आणा आणि मग मानसोपचार ओपीडीला घेऊन जा, याच्यावर उपचार आहेत.

यांना न्यायला वेळ लागला. "मी काय वेडा आहे का" हे झालं, रुसवेफुगवे झाले, शेवटी फक्त झोप येत नाही एवढं तरी डॉक्टरला सांगा म्हणून नेलं. झोपेवरनंच सुरुवात झाली आणि बाकीचं आपोआप बाहेर आलं.

डॉक्टरांनी आधी बाकीच्या शंका काढून टाकल्या. डिप्रेशन आहे का, कधी कधी झोपच लागत नाही तरी अंगात भलताच उत्साह आणि पैशाची उधळपट्टी असं होतं का, कारण बायपोलरच्या आजारातही अशी इच्छा अचानक वाढते. काही गोळ्या चालू आहेत का हे पण विचारलं, पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी माणसाचा असा ताबा सुटतो म्हणे. तेव्हा मला कळलं की घरी बसून नवस बोलून किंवा शिव्या घालून हे शोधता आलंच नसतं.

या त्रासाला आता अधिकृत नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, 'कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हियर डिसऑर्डर' म्हणून तो घातलाय, आणि व्यसनांच्या नाही तर आवेगावर ताबा न राहण्याच्या गटात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकात तो वेगळा आजार म्हणून नाही, त्यामुळं याला व्यसन म्हणायचं का यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. मला त्या वादाचं काही पडलेलं नाही, पण निदान कसं करतात ते मात्र महत्त्वाचं वाटलं. आठवड्यात किती वेळा हे मोजत नाहीत. सहा महिने किंवा जास्त काळ हेच आयुष्याच्या मध्यभागी येऊन बसलंय का, तब्येत, घर, काम मागं पडलंय का, थांबवायचा प्रयत्न करून परत परत जमत नाही का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि त्यातनं आनंद मिळत नसला तरी चालू आहे का, हे बघतात. नुसतं 'मी पाप करतोय' असं वाटतं म्हणून हा आजार ठरत नाही. आमच्या नात्यातला एक कॉलेजचा पोरगा हस्तमैथुनाच्या अपराधीपणानं अर्धा झालाय, त्याला हा आजार नाही, त्याला फक्त कुणीतरी नीट माहिती द्यायला पाहिजे.

यासाठी खास अशी एकच गोळी नाही. यांना डिप्रेशनच्या गटातली गोळी दिली, काहींना दारू सोडवताना वापरतात ती नाल्ट्रेक्सोन देतात, पण ते डॉक्टरनंच ठरवायचं, मेडिकलवाल्याला विचारून नाही. मुख्य काम झालं ते सेशनमध्ये, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबरोबर. गोळ्या लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे आणि बोलून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ वेगळे, आम्हाला दोघांची गरज पडली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते आधी विचारा, सगळे 'काउन्सेलर' सारखे नसतात.

यांना एक वही ठेवायला सांगितली. इच्छा उसळली की कुठं, किती वाजता, त्याआधी काय झालं, अंगात काय वाटलं. एक पान यांनी मला स्वतःहून दाखवलं, "रात्री ११, हॉल, सगळे झोपलेत, मालकाचा फोन येऊन गेला, छातीत धडधड, पोट रिकामं." वही भरत गेली तसं दिसायला लागलं की बहुतेक वेळा आधी मालकाचा फोन किंवा ज्यांचं देणं आहे त्यांचा मेसेज असतो. म्हणजे माणूस सुखामागं धावत नव्हता, धडधड बंद करत होता. मग त्या धडधडीचं काय करायचं यावर काम सुरू झालं. उसळी लाटेसारखी चढते नि उतरते, तिच्याशी झगडायचं नाही, तिला घाबरायचं नाही, उतरेपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात, जेवण नऊच्या आत, मालकाचा फोन रात्री घ्यायचा नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फरक यानंच पडला. घसरणं होतं, झालंही, पण दुसऱ्या दिवशी काय करायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळं माणूस आठ-आठ दिवस अंधारात जाऊन बसला नाही.

आता माझं. तोवर मी पूर्णवेळ पोलीस झाले होते. फोन तपासायचा, यूपीआयची हिस्टरी बघायची, शर्टाचा वास घ्यायचा, कारखान्यात फोन करून निघाले का विचारायचं, रात्री मध्येच उठून बघायचं. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी मला एकटीला बोलावलं आणि विचारलं, "हे काम तुम्हाला कुणी दिलं?" मला उत्तरच देता येईना. त्या म्हणाल्या, तुम्ही पहारा ठेवला तर ते तुमच्यापासून लपवायला शिकतील, स्वतःला सावरायला शिकणार नाहीत, आणि तुम्ही मात्र आजारी पडाल. वजन उतरलं होतं माझं, केस गळत होते, मुलीवर ओरडत होते. म्हणून माझे सेशन वेगळे सुरू केले, माझ्यासाठी, नवऱ्याला कसं सुधारायचं हे शिकायला नाही.

पहारा सोडायचा म्हणजे सगळं चालवून घ्यायचं असं नाही हं. माझ्या अटी आहेत आणि त्या मी त्यांच्यासमोर मॅडमच्या खोलीतच सांगितल्या, पगार माझ्या खात्यात, तपासणी वेळेवर, काही घडलं तर मला दुसऱ्याकडनं नाही तुमच्याकडनं कळलं पाहिजे, आणि मी म्हणेपर्यंत झोपायचं वेगळं. रोजची खबर घ्यायला यांचा एक मित्र आहे, आणि हे ऑनलाइन सेक्साहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगलाही बसतात, असाच त्रास असलेल्यांचा तो गट, दारू सोडणाऱ्यांच्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) सारखंच तिथं बारा पायऱ्यांनी सावरायचं असतं. मागचं सगळं सांगायचं तेही एकदाच, तयारी करून, मॅडमच्या समोर झालं. त्याआधी मला रोज थोडं थोडं कळत होतं आणि दरवेळी जखम नव्यानं उघडत होती. माफ कर असं मला तिथं कुणीही म्हटलं नाही, आणि मी अजून तसं काही ठरवलेलंही नाही.

दवाखान्यात सांगितलेलं बाहेर जाईल ही भीती सगळ्यांना असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी याची हद्दही सांगितली, लहान मुलाशी काही घडलं असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कळवावंच लागतं. हे मला पटलं. आजार आहे म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध वागायला सूट मिळाली असं होत नाही.

कुणाशी बोलायचं हेच सुचत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरात बोलता येत नसेल तर भाजी आणायला गेल्यावर करा. सिव्हिलला जाणार असाल तर केसपेपरच्या खिडकीवर 'मानसोपचार' एवढंच म्हणायचं, काय त्रास आहे ते तिथं सांगत बसायचं नाही, ते आत डॉक्टरला सांगायचं. आणि तुम्ही बायको असाल तर तुमच्या नावाचा केसपेपर वेगळा काढा.