कोतलो

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की पहिला दिवस झोक्याचा आणि दुसरा कॉम्प्युटरचा. हा रिवाज कधी पडला ते आता कुणालाच आठवत नाही. पुण्यात मी एका कचेरीत हिशेब बघते, पण हिशेब कॉम्प्युटरवर असतात एवढ्याच भांडवलावर अमळनेरच्या आमच्या गल्लीने मला या रोगाची डॉक्टरीण करून टाकलंय. मी पोचायच्या आत कुणाचा प्रिंटर, कुणाचा मोबाइल, कुणाचं "ते गोल गोल फिरत राहतं" असे पेशंट ओट्यावर येऊन बसलेले असतात. घरचा पेशंट मात्र मानाचा. त्याला नानांनी टॉवेल पांघरलेला असतो.

यंदा टॉवेल काढता काढता नाना म्हणाले, "तो माले वळखतच नही."

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. वर्गात पुस्तकी मराठी, घरात अहिराणी, असा त्यांचा जन्मभराचा रतीब. निवृत्तीनंतर त्यांनी अहिराणी शब्द गोळा करायला घेतले. आंडोर, आंडेर, बठ्ठा, आख्खी आखाजीची सामग्री. आधी जुन्या हजेरीपटांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. मग भाच्याने कॉम्प्युटर घेऊन दिला, मराठीचा कळफलक टाकून दिला, आणि नानांचे शब्द यंत्रात भरायला लागले. दोन बोटांनी, पण नेमाने. रोज सकाळी पूजा झाली की पंधरा शब्द. आणि आता पंधरा दिवस झाले, तो दारच उघडत नव्हता. पासवर्ड टाकला की चुकीचा म्हणायचा.

"पासवर्ड बराबर शे," नाना म्हणाले. मास्तरांचं उत्तर बरोबरच असतं. चूक असेल तर ती प्रश्नपत्रिकेत.

"काय आहे पासवर्ड?"

"कोनले सांगानं नही. पोरले बी नही. बँकवाला म्हनस."

घ्या! बँकेचे मेसेज आमच्या घरात एवढ्या श्रद्धेने वाचणारा दुसरा माणूस नाही. ओटीपी, पिन, पासवर्ड कुणालाही सांगू नका, असं लिहून आलं म्हणजे कुणालाही नाही. नानांनी उपरण्याचं टोक कळफलकावर धरलं, मला खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि टाइप केलं. चूक. पुन्हा केलं. चूक. बाहेर बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची पालं पडत होती, लाऊडस्पीकरवर कुणी तरी एक, दोन, तीन करत माइक तपासत होता, आणि आत मी पाठमोरी उभी राहून टकटक मोजत होते. पाच टकटक, मग एक मोठी. म्हणजे पासवर्ड पाच अक्षरी. चोर होणं किती सोपं आहे बघा.

एक चुकीचा प्रयत्न झाला की आमचा कॉम्प्युटर खाली एक सूचक शब्द दाखवतो. तो आपणच कधी तरी लिहून ठेवलेला असतो. नानांनी लिहिलं होतं: भाकर. तेही इंग्रजी अक्षरांत. आता खान्देशात भाकर हा सूचक शब्द म्हणजे समुद्राला पाणी हे सूचक देण्यासारखं. मी जुवारी टाकलं, बाजरी टाकलं, ठेचा टाकलं, पाच अक्षरांत बसत नव्हतं तरी भरीत टाकलं. बैलांची नावं टाकली. नाना दुखावले: "बैलनं नाव कोन ठेवस?" तेवढ्यात आई आतून ओरडली, "पहिले जेवी ले, मंग देखजो!" खापरावरचे मांडे उतरले की थांबत नाहीत आणि आंब्याचा रस तर त्याहून नाही. आम्ही उठलो.

जेवताना नाना जरा सैल झाले. हात धुऊन आल्यावर त्यांनी खिशातली डायरी काढली, एका चिठ्ठीवर काही तरी लिहिलं, घडी घातली आणि लाच दिल्यासारखी माझ्या हातात सरकवली. चिठ्ठीवर इंग्रजीत होतं, कळणा. के, ए, एल, एन, ए. (तो आता बदललाय, म्हणून लिहिते.) घरात आम्ही कयना म्हणतो, कारण अहिराणीच्या तोंडात ळ टिकत नाही, त्याचा य होतो, पण पासवर्डसारख्या सरकारी कामाला मास्तरांनी पुस्तकी रूप वापरलं होतं. मला चिठ्ठी मिळाली नसती तर मी जन्मभर भाकरी थापत बसले असते.

मी टाकला. चूक.

कॅप्स लॉक बघितला, बंद. कळफलक उलटा करून झटकला. तांदळाचे दोन दाणे, एक टाचणी आणि अगरबत्तीची राख निघाली. पुन्हा टाकला. चूक. आता नानांना बरं वाटायला लागलं. चुकणारे ते एकटे नव्हते.

"त्यालाच विचार ना, काय लिही ठेवेल शे," ते म्हणाले.

हे बहुतेकांना वाटतं. आत कुठे तरी पासवर्ड लिहिलेला असेल, कुणी हुशार माणूस आला तर तो वाचून सांगेल. पण यंत्राला आपला पासवर्ड माहीतच नसतो. नानांना हे सांगायला मला लांब जावं लागलं नाही, पासवर्डच कामाला आला. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद, थोडं मीठ घालून एकत्र दळलेलं भाकरीचं पीठ. दळून आणलेल्या पिठातून पुन्हा ज्वारीचा दाणा आणि उडदाचा दाणा वेगळा काढून दाखव म्हटलं तर गिरणीवाला हात जोडेल. कॉम्प्युटर तेच करतो. पासवर्ड पहिल्यांदा दिला की तो गणिताच्या जात्यात घालतो आणि फक्त पीठ ठेवतो, दाणे फेकून देतो. पुढच्या वेळी आपण जे टाकू ते पुन्हा त्याच जात्यात दळतो आणि दोन पिठं शेजारी ठेवून बघतो. जुळली तर दार उघडलं. एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी पीठ पार वेगळं पडतं. थोडं चुकलं, जवळ आलात, असं तो सांगूच शकत नाही.

हे शहाणपण ठेच लागूनच आलं आहे. कॉम्प्युटरला पासवर्ड लावायची पद्धत १९६१च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात आली, कारण एकच मोठं यंत्र पुष्कळ जण वाटून वापरायचे आणि प्रत्येकाची फाइल वेगळी ठेवायची होती. तिथे दाणेच ठेवलेले होते, सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे. १९६६मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि जो कुणी यंत्राशी बसेल त्याला त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसायला लागली. आमच्या शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी मास्तरांचे पगार लिहिले जावेत तसं. नानांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती संध्याकाळपर्यंत ओट्यावर तिघांना सांगितली. तिसऱ्या वेळी त्यात पगारच होते.

पण दार उघडत नव्हतं ते नव्हतंच. मग माझी नजर पासवर्डच्या चौकटीच्या उजव्या टोकाला गेली. तिथे एक बारीक डोळा असतो. तो दाबून धरला की टिंबांच्या जागी आपण टाकलेली अक्षरं दिसतात. हे मला माहीत होतं. नसतं तर ठीक होतं. माहीत असून दोन तास सुचलं नाही, हे इथे लिहून ठेवते. मी के, ए, एल, एन, ए दाबलं आणि डोळा धरला.

चौकटीत लिहिलं होतं: कोतलो.

नाना चष्मा सारून जवळ आले. आम्ही दोघं त्या शब्दाकडे, शब्द आमच्याकडे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. भाच्याने टाकून दिलेला मराठी कळफलक इनस्क्रिप्ट होता. सरकारने ठरवून दिलेली, बहुतेक भारतीय लिप्यांना एकच असलेली ती मांडणी, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. त्यात के च्या जागी क येतो, ए च्या जागी ओकाराची मात्रा, एल च्या जागी त, एन च्या जागी ल, आणि शेवटच्या ए ला पुन्हा मात्रा. क, ो, त, ल, ो. कधी तरी ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबले गेले असतील, भाषा पालटली असेल, आणि तेव्हापासून नाना रोज उपरण्याआडून मोठ्या गुप्ततेने यंत्राला कोतलो, कोतलो म्हणत होते. टिंबं सगळ्या लिप्यांची सारखीच दिसतात. कोपऱ्यात भाषेचं चिन्ह होतं, पण दाराला कुलूप असताना कोपऱ्यात कोण बघतो.

मी इंग्रजी केलं, कळणा टाकला, दार उघडलं. नानांचे बाराशे शब्द जागच्या जागी होते.

खरं तर लेख इथे संपायला हवा, पण नानांना ते शब्द छापायचे होते आणि त्यासाठी नवा प्रिंटर खोक्यात तयार होता. खोक्यात सीडी होती. कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नव्हतं. नेटवरून प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरचं बोलणं जुळवणारा प्रोग्राम, उतरवला, तो नेमका दुसऱ्या जातीच्या यंत्राचा निघाला. ३२ बिट आणि ६४ बिट या सोयरिकी जुळत नाहीत. बरोबरचा उतरवला. तो बसवायला घेतला तर आतून नवाच पहारेकरी उठला: ॲडमिनचा पासवर्ड द्या. नाना या घराचे कर्ते असले तरी कॉम्प्युटरचे नव्हते. कर्ता होता दुकानातला तो मुलगा, ज्याने यंत्र पहिल्यांदा चालू करून दिलं. आणि तो आता कुठे? आमच्याकडचे हात कुठे जातात? सुरतला.

दोन घरं फिरून त्याचा नंबर मिळाला. मागे यंत्रमागांचा खडखडाट चालला होता, त्यामुळे तोही ओरडत होता आणि मीही.

"ताई, ॲडमिन ॲट वन टू थ्री! पहिला ए मोठा!"

"सगळ्यांना हाच दिलास?"

"बठ्ठासना तोच शे!"

नियमाप्रमाणे हा चोख पासवर्ड आहे. मोठं अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत. असे नियम अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३मध्ये लिहिले, जगभर पसरले, आणि ते लिहिणाऱ्या गृहस्थांनीच २०१७मध्ये सांगितलं की त्यातलं बरंचसं लिहिल्याचा आता पश्चात्ताप होतो. त्याच साली संस्थेनेही नियम बदलले: चिन्हांची सक्ती नको, उगाच दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका, पासवर्ड लांब ठेवा म्हणजे झालं. लोकांना चिन्ह टाकायला सांगितलं की ते ॲट टाकतात आणि आकडे मागितले की एक दोन तीन देतात, एवढं समजायला चौदा वर्षं लागली. नाना शाळेत होते, त्यांना पहिल्या तासात समजलं असतं.

ड्रायव्हर बसायला लागला. हिरवी पट्टी सरकत होती. बाहेर चव्वेचाळीस अंश असावं, कुलर गरम हवेलाच वारा घालत होता, आणि पट्टी अगदी शेवटाला आली तशी वीज गेली. कुणी काही बोललं नाही. आई माठातलं पाणी घेऊन आली. नाना अंधाऱ्या पडद्यासमोर बसून म्हणाले, १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्या कंपनीचं पुढे विप्रो झालं आणि ती कॉम्प्युटर बनवायला लागली. गावात कुणाकुणाकडे तिचे शेअर आहेत. आमच्याकडे काय, तर तुपाचे डबे. एकात उडीद आहेत, एकात सांडगे.

वीज पाचला आली. पुन्हा कळणा, पुन्हा ॲडमिन, आणि सहा वाजता प्रिंटरने कण्हत पहिलं पान बाहेर टाकलं. अ पासून अ पर्यंतच, कारण शाई नमुन्यापुरतीच येते. नानांनी ते पान दोन्ही हातांनी धरून खिडकीशी नेलं. मी समजले, शुद्धलेखन तपासत असतील. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"हाऊ शबद कोठला शे वं?"

"कुठला?"

"कोतलो."

"शब्दच नाही तो नाना. चुकीची कळ आहे."

ते काही बोलले नाहीत. बाराशे शब्द लोकांच्या तोंडून वेचलेल्या माणसाला असा आयता पडलेला शब्द टाकून देणं जड जात होतं. त्यांनी आईला विचारलं, समोरच्या जिभाऊंना विचारलं. जिभाऊ म्हणाले, तापीकाठाला म्हणत असतील.

पुण्याला परतले, पाऊस लागला, आणि एका सकाळी फोन वाजला. माझ्या धाकट्या भावाची बायको होती. घाईत होती, मागे कुकरची शिट्टी आणि पोराचं रडणं.

"ताई, काल रात्री छोट्याने मन्हा मोबाइल घेतला, काय काय दाबलं, आन सकायपासून उघडतच नही. पूर्ण कोतलो व्हई गया. काय करू?"