एकच रेसिपी, दोन स्क्रू

सातपूरच्या आमच्या कंपाउंडिंग युनिटमध्ये, म्हणजे गरम बॅरलमध्ये (नळीत) फिरणाऱ्या स्क्रूने प्लास्टिक वितळवून मिसळतात तिथे, नायलॉन 6 आणि पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन) 70:30 मिश्रण करायचं होतं. या दोघांचं मुळात जमत नाही, म्हणून मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं थोडं पीपी घालतात; हाच कंपॅटिबिलायझर, दोघांना जुळवणारा. त्यातला अनहायड्राइड नायलॉनच्या साखळीच्या टोकाच्या अमाइनला पकडतो आणि दोघांच्या सीमेवर गाठ बसते. रेसिपी तीच, दाणे ड्रायरमधून नीट सुकवलेले (नाशिकच्या पावसाळ्यात नायलॉन पाणी पितंच), तरी एका स्क्रू-रचनेवरचा माल इम्पॅक्टला (आघाताला) टिके आणि दुसरीवरचा तुटे.

'कंपॅटिबिलायझर वाढवा,' असा वरून सल्ला आला. मला तो पटेना. चालू मशीन थांबवून, बॅरल झटपट थंड करून स्क्रूच बाहेर ओढायचा हट्ट धरला. "साहेब, शिफ्ट गेली समजा," ऑपरेटर म्हणाले. गेलीच.

पण स्क्रूवर जागोजागी चिकटलेल्या मालात सगळी गोष्ट होती. पीपी साधारण 165 अंशांना वितळतं, नायलॉन 220 ला. त्यामुळे सुरुवातीला 30 टक्केवालं पीपीच समुद्र होतं आणि नायलॉनचे अख्खे दाणे त्यात बेटांसारखे पडून असतात. सीमा एवढीशी, तिथे अभिक्रिया होणार किती? नायलॉन मऊ होऊन त्याचे पापुद्रे, धागे निघतात, चित्र उलटतं, पीपीचे थेंब होतात, तेव्हा कुठे सीमा वाढते. एक ग्रॅम पीपी 10 मायक्रॉनच्या थेंबांत असेल तर पृष्ठभाग पाऊण चौरस मीटरही भरत नाही. 1 मायक्रॉनच्या थेंबांत तो साडेसहाच्या वर जातो. शिवाय गाठी बसल्या की थेंब पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणजे बारीक रचना टिकते आणि अभिक्रियेला जागाही राहते.

स्क्रूवरून जागोजागी काढलेला प्रत्येक नमुना फॉर्मिक आम्लात टाकला, अर्थात फ्यूम हूडखाली. नायलॉन विरघळतं. गाठ नसलेलं पीपी वर तरंगतं. गाठ बसली असेल तर द्रव दुधाळ राहतो. चांगल्या स्क्रूचा नमुना पहिल्या नीडिंग ब्लॉकनंतर (स्क्रूचा माल मळणारा भाग) लगेच दुधाळ. दुसऱ्याचा थेट डायजवळ, म्हणजे माल बाहेर पडतो तिथे, तोही फिकट.

मग पहिले नीडिंग ब्लॉक वाढवले, सुरुवातीच्या झोनचं तापमान चढवलं. कंपॅटिबिलायझर होता तेवढाच ठेवला. इम्पॅक्ट सुधारला. मात्र गाठी वाढल्याने माल घट्ट वाहू लागला, आणि आता अंबडचे मोल्डिंगवाले त्यावरून रोज फोन करतात.