पणजीतल्या जुन्या इमारतीवरचं आमचं घर: चुना, शिंपले आणि गच्ची

फोंतेन्हासमधल्या एका पोर्तुगीजकालीन इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर दोन खोल्या नि पुढे उघडी गच्ची, असं घर आम्ही घेतलं आणि दुसऱ्याच दिवसापासून वहिनी व्हॉट्सॲपवर घरसजावटीचे फोटो पाठवायला लागली, शेवाळाची भिंत काय, टांगलेलं जंगल काय. म्हटलं अगो, शेवाळाची भिंत पणजीत जुलैमध्ये फुकट मिळते, ती घालवायची कशी ते सांग!

परवानगीचं थोडक्यात सांगते. हा भाग कॉन्झर्व्हेशन झोनमध्ये, म्हणजे जुन्या इमारती जपायच्या भागात येतो, त्यामुळे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला हात लावायचा तर आधी नकाशे, फोटो, कमिटी. वेळ जातो. आम्ही म्हणूनच बाहेरून काहीच बदललं नाही, कौलंसुद्धा मंगलोरीच.

खरं काम भिंतींचं. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत, तिच्यावर मधल्या काळात कोणीतरी सिमेंट मारलेलं, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून खाली सगळीकडे पांढरा खार फुटलेला आणि रंगाचे पोपडे. मेस्त, म्हणजे आमचे गवंडी, म्हणाले, ''बाय, परत सिमेंट हवं तर मारतो, पण पावसानंतर मला फोन करू नका.'' मग सिमेंट खरवडून काढलं आणि मुरवलेल्या चुन्याचा गिलावा केला. चुन्यातून ओल निघून जाते, पण सुकायला तो स्वतःचाच वेळ घेतो, घाई केली की तडे. रोज गोणपाट भिजवून लावायची, घरभर चुन्याचा वास. रंगही चुन्यातच, पिवळी माती घालून.

खिडकीची, काचेऐवजी शिंपले बसवलेली तावदानं मात्र ठेवलीच. सुताराने लाकडी पट्ट्यांच्या खाचेतून फुटलेले शिंपले एकेक करून सरकवून काढले, जुन्या दारं-खिडक्यांच्या दुकानातून आणलेले बसवले. दुपारचं ऊन त्यातून दुधाळ होऊन येतं, पडदे लागतच नाहीत.

गच्चीवर माती ओतायची नाही हे इंजिनियरने आधीच बजावलेलं, एक घनफूट ओली माती पन्नासेक किलो भरते आणि खालचे वासे जुने. म्हणून हलक्या कुंड्या, त्यात निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), त्यासुद्धा खालच्या भिंतीच्या रेषेवरच, म्हणजे भार वाशांवर येत नाही. अबोली, मोगरा, गवती चहा. वाऱ्याला टिकतात.

मे महिन्यात कौलांखाली तापतंच, तिथे नैसर्गिक गारवा वगैरे काही चालत नाही, सरळ एसी लावलाय. फक्त बाहेरचं युनिट मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही असं.