मैसूर संस्थानाचं युद्ध, १/७२ मध्ये: कॅटलिना ट्रॉलीवर चढली

मंडळी, माझ्या १/७२ मापाच्या (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) विमान-मॉडेलांचे गेल्या वेळचे फोटो बघून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की हॉक या लढाऊ विमानाचं काम पुढे का सरकत नाही? आता सरकणारही नाही. हॉक ७५ मागच्या फळीवर गेलंय आणि मोक्याची जागा मिळालीय पोट उघडं टाकून बसलेल्या कॅटलिनाला, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या उडत्या बोटीला. का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढची उस्तवार कशासाठी चाललीय ते लक्षात येईल.

दुसऱ्या महायुद्धात मैसूर संस्थानानं काय काय पुरवलं, ते एका शेल्फवर मांडायचं असं ठरवून मी हे काम हातात घेतलं. साहजिकच सुरुवात केली ती विमान कारखान्यापासून. त्याची जन्मकथा आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद १९३९ मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या क्लिपर विमानातून येत होते. त्याच विमानात त्यांना विल्यम पॉली भेटला. हा गृहस्थ चीनमध्ये विमान कारखाना चालवत होता. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या काळात संस्थानानं सातशे एकर जमीन दिली, शिवाय भांडवलही घातलं. शिवनसमुद्र धबधब्याची वीज होती, टाटांच्या विज्ञान संस्थेतली माणसं हाकेच्या अंतरावर होती. कचेरी मात्र सुरू झाली डोमलूर रस्त्यावरच्या 'इव्हनटाइड' नावाच्या बंगल्यात. (हा बंगला करायचा मोह मला अजून सुटलेला नाही. बायको म्हणते, आधी जागा दाखव.)

आता या कारखान्यानं युद्धकाळात नवी विमानं किती बनवली, ते बघा. १९४१ मध्ये हार्लो हे शिकाऊ वैमानिकांचं विमान उडालं. हॉक लढाऊ विमानांची मागणी होती ४८ ची. पहिलं उडालं ३१ जुलै १९४२ ला, त्यामागून आणखी चार झाली आणि काम थांबलं. म्हणजे पाच हॉक! आपले डॉ. वि. मा. घाटगे, कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकून आलेले, यांनी आखलेलं दहा जणांचं ग्लायडर १९४१ मध्ये उडालं, तेही एकच. तोवर सिंगापूर पडलं होतं, रंगून पडलं होतं, एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानं कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकून गेली होती. त्याच महिन्यात भारत सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. मैसूरनं आपला हिस्सा विकला नाही, फक्त कारभार सरकारच्या हाती दिला. मला ही गोष्ट भारी आवडते. संस्थानिक म्हणजे गोऱ्या साहेबापुढे मान डोलावणारे, अशी आपली सरसकट समजूत असते.

मग कारखाना करत काय होता? दुरुस्ती. सप्टेंबर १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि ८४ वा एअर डेपो झाला. लिबरेटर, मिचेल, डकोटा, कॅटलिना अशी मोडकी, थकलेली, गोळ्या खाल्लेली विमानं आत यायची आणि उडत बाहेर पडायची. मैसूरचं खरं योगदान हे. म्हणून चकचकीत नवं हॉक स्टँडवर टांगून 'मेड इन बंगळूर' अशी पाटी लावणं मला खोटं वाटायला लागलं. शेल्फ दुरुस्तीचं हवं, आणि दुरुस्तीत सगळ्यात देखणी कॅटलिना.

देखणी अशासाठी की ती यायचीच थाटात. चाकं नसलेली उडती बोट धावपट्टीवर उतरणार कशी? ती उतरायची कारखान्याजवळच्या बेळ्ळंदूर तलावावर. तिथं तिला दोन्ही कुशींना चाकं आणि शेपटीखाली ट्रॉली लावायची, पाण्यातून वर ओढायची आणि कारखान्यात न्यायची. आज बेळ्ळंदूर म्हटलं की फेसाळलेल्या, पेटलेल्या पाण्याच्या बातम्या आठवतात. त्याच पाण्यावर कॅटलिना उतरत होत्या, हे बंगळूरच्या एका मित्राला सांगितलं तर त्याला पटेना.

या खेपेचं काम

किट अकॅडमी कंपनीचं, चाकं नसलेलं पीबीवाय-५, म्हणजे कॅटलिनाच. पंखांचा पसारा ४४ सेंटिमीटर, त्यामुळे ड्रॉइंगरूमच्या कपाटात ती आडवी मावत नाही, तिरकी बसवावी लागतेय. त्याचा फायदा असा की उजवा पंख बघणाऱ्याच्या नाकासमोर येतो, आणि मुख्य काम तिथंच आहे.

कॅटलिनाच्या पंखाचा मागचा भाग पत्र्याचा नसतो, कापडाचा असतो. मोठ्या दुरुस्तीत ते कापड फाडून काढायचं, आतल्या फासळ्या तपासायच्या, मग नवं कापड ताणून त्यावर डोप (कापड घट्ट ताणणारा लेप) चढवायचा. मी उजव्या पंखाचं कापड काढलेलं दाखवतोय. त्यासाठी किटमधल्या पंखाची मागची पट्टी रेझर सॉनं कापली आणि पाव मिलिमीटर प्लॅस्टिक शीटच्या फासळ्या एकेक करून बसवल्या. दोन फासळ्यांत अंतर सारखं राहावं म्हणून आधी एका पट्टीवर खाचा पाडून साचा केला. साच्याशिवाय हे करायला जाऊ नका. एक फासळी केसभर कलली तरी सगळी रांग दारू प्यायल्यागत दिसते. फासळ्यांना झिंक क्रोमेटचा (गंजरोधक अस्तराचा) पिवळट हिरवा दिला, वर खाचांत उतरणारा पातळ काळा वॉश, आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशनं अगदी किंचित ॲल्युमिनियम. डावा पंख मात्र पूर्ण, नव्या कापडासह ठेवलाय. तो भाग आधी लाल डोपचा केला आणि त्यावर रंगाचा अर्धाच हात मारला. बघणाऱ्याला काम चालू आहे ते न सांगता कळतं.

अंगावर ठिगळं आहेत. जुन्या रंगाचा भाग उन्हानं विटलेला करड्या-पांढऱ्यात, आणि मध्येच नव्या पत्र्याचे चौकोन. त्यासाठी स्वयंपाकघरातलीच ॲल्युमिनियम फॉइल वापरली, निस्तेज बाजू वर. चिकटवायच्या आधी बारीक दातांचं चक्र फिरवून रिव्हेट उमटवून घेतले. चकचकीत बाजू वर ठेवली तर ठिगळ खेळण्यातलं वाटतं.

विमानावरच्या ब्रिटिश हवाई दलाच्या गोल चिन्हाबद्दल थोडं. इकडच्या आघाडीवर ब्रिटिशांनी गोलातला तांबडा ठिपका काढून टाकला होता, कारण दुरून तांबडं दिसलं की जपानी समजून आपलेच लोक गोळ्या घालायचे. गडद निळा गोल आणि आत फिकट निळा, एवढंच. किटमधले डिकॅल (चिकटवायची चिन्हं) युरोपातले, तांबडे ठिपकेवाले. त्यांना हात न लावता वर्तुळं कापून मास्क केले आणि रंगानंच काढली.

इंजिनं

सगळ्यात जास्त मजा इथं आली. कॅटलिनाला दोन इंजिनं, डकोटाला दोन, लिबरेटरला चार, आणि तिन्हींची जात एकच, प्रॅट अँड व्हिटनीचं चौदा सिलिंडरांचं आर-१८३०. लिबरेटरला टर्बो जोडलेला असतो, बारीकसारीक फरक आहेत, पण गाभा तोच. पाणबुड्या शोधणारी बोट, सामान वाहणारं विमान आणि चार इंजिनांचं बॉम्बर एकाच इंजिन शॉपवर का पोसली गेली, ते यातून उमगतं. मिचेलचं इंजिन वेगळं, हॉकचं वेगळं. म्हणून हँगरच्या डाव्या भिंतीला आर-१८३० ची रांग लावलीय. काही पूर्ण, काही सिलिंडर उतरवलेली, एक नुसतं क्रँककेस.

फोटो ग्रुपवर टाकला आणि काकांचा फोन. काकांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलंय.

"अरे, इंजिनं छान जमलीत. पण खाली ट्रे कुठायत?"

"कसले ट्रे, काका?"

"तेलाचे! इंजिन स्टँडवर चढवलं की खालच्या सिलिंडरांतून तेल गळणारच. तुझी फरशी अशी कोरडी ठणठणीत कशी?"

तेव्हापासून प्रत्येक इंजिनाखाली ट्रे आलाय. डबीच्या झाकणाचा पातळ पत्रा दुमडून ट्रे केले आणि आत चकचकीत वार्निशमध्ये चिमूटभर करडा-तपकिरी मिसळून ओतलं. फरशीवर ट्रेच्या भोवती डागही आलेत. काकांनी दुसऱ्या फोटोवर नुसता अंगठा पाठवला. ज्यांना काका माहीत आहेत त्यांना त्याची किंमत कळेल.

हँगरच्या तोंडाशी बंगळूरची तांबडी माती हवीच. त्यासाठी परदेशी पिगमेंटची बाटली घेऊ नका. किराणा दुकानातला गेरू वस्त्रगाळ करा, त्यात थोडी पिवळी माती घाला आणि टर्पेंटाइनमध्ये कालवून ब्रशनं सोडा. वाळल्यावर बोटानं पुसलं की ट्रॉलीच्या टायरवर जसा हवा तसाच थर राहतो.

बाकीचं संस्थान कोपऱ्यांत. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचं मॉडेलमध्ये दाखवण्यासारखं फार काही नाही, म्हणून लोखंडी कोनांचा एक ढीग ठेवलाय. लाकडी कोळशावर चालणारी भट्टी, विश्वेश्वरय्यांची मेहनत, हे सगळं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडानंच सांगतो. रेशमाचं तसं नाही. जपानी रेशीम बंद झाल्यावर पॅराशूटसाठी मैसूरच्या रेशमाला मागणी आली, तेव्हा एका टेबलावर घडी घालून ठेवलेलं पॅराशूट हवंच होतं. खऱ्या रेशमाचा तुकडा या मापात गोणपाटासारखा जाड दिसतो. टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा सोडवून, पातळ गोंदात भिजवून घडी घातली. ती बरी दिसते.

आता उरला हवाई तळ. येलहंकाला मॉस्किटो आणि थंडरबोल्ट विमानांवर वैमानिकांना तयार करणारी युनिटं होती, पण माझा डोळा कोलारवर आहे. सोन्याच्या खाणींमुळे कोलार सगळ्यांना ठाऊक. तिथल्या धावपट्टीवर नोव्हेंबर १९४४ मध्ये ब्रिटिशांचं ३५८ वं स्क्वाड्रन उभं राहिलं, लिबरेटरचं. पुढे ते बंगालमध्ये गेलं आणि शत्रूच्या मुलखात गुप्तपणे माणसं नि सामान उतरवण्याच्या कामाला लागलं. म्हणजे विमानं उडवायला शिकवणारा तळ आणि ती दुरुस्त करणारा कारखाना, दोन्ही एकाच संस्थानात.

लिबरेटरची गोष्ट १९४५ ला संपतही नाही. जाताना ब्रिटिशांनी कानपूरला सोडलेले लिबरेटर मुद्दाम मोडून टाकले होते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ते तिथंच उडण्याजोगे केले, कारखान्याचे वैमानिक जिमी मुन्शी यांनी ते बंगळूरला उडवत आणले, आणि कारखान्यातून बाहेर पडलेल्या विमानांवर १९४८ मध्ये आपल्या हवाई दलाचं ५ वं स्क्वाड्रन उभं राहिलं. १९६८ पर्यंत ती उडत होती. आज जगातल्या संग्रहालयांत जे मोजके लिबरेटर आहेत, त्यांतले कित्येक इथून गेलेले आहेत. युद्धात हात बसला होता म्हणूनच हे जमलं, असं माझं ठाम मत आहे.

तर पुढचं काम हासेगावाचं लिबरेटर, पंख साडेसेहेचाळीस सेंटिमीटर. कॅटलिनाच्या मागे, नाक हँगरबाहेर. उजवीकडची दोन्ही इंजिनं उतरवलेली दाखवायची, म्हणजे फायरवॉलच्या पुढची नळ्या-वायरींची गुंतागुंत स्वतः करावी लागणार. शिशाची तार आणि जुन्या चार्जरमधली तांब्याची तार काढून ठेवलीय. टरेटच्या (फिरत्या तोफखोलीच्या) काचा फ्लोअर पॉलिशमध्ये बुडवून डब्याखाली वाळत घातल्यात. उद्या त्यांचं मास्किंग.