पंधराव्या अर्जाला फोन आला (माझा बालसंरक्षण कन्सल्टन्सीचा अनुभव)

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करणारी पोरंपोरी मला नेहमी विचारतात, मॅडम ते यूएनचं काम तुम्हाला कसं मिळालं, कोणाची ओळख होती का. ओळख नव्हती हो. असती तर चौदा अर्ज कशाला वाया गेले असते. दर वेळी फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी पार्श्वभूमी म्हणजे एमएसडब्ल्यू औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर, पण माझ्या मार्कशीटवर औरंगाबादच आहे), आणि मग बीड जिल्ह्यात नऊ वर्षं मुलांचं काम, त्यातली बरीचशी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर. ही हेल्पलाइन १९९६ ला मुंबईत टीआयएसएसमधून (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाली आणि नंतर संस्थांमार्फत जिल्ह्याजिल्ह्यात पोचली, तशीच आमच्या संस्थेकडे होती. २०२३ मध्ये ती मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली महिला व बालविकास खात्याकडे गेली आणि आमचं ते काम थांबलं. महिन्याला अठरा हजार हातात यायचे ते बंद, वय ३७, पोरगी सातवीत. एका मैत्रिणीनं रिलीफवेबची लिंक पाठवली, म्हणाली इथं आंतरराष्ट्रीय संस्थांच्या जागा निघतात, बघ. मी बघितलं आणि तीन दिवस नुसतं बघतच बसले, कारण निम्मे शब्दच कळेनात.

आधी ते शब्द. यूएनमध्ये पी म्हणजे आंतरराष्ट्रीय पोस्ट, ती साधारण आपल्या देशाबाहेर असते. एनओ म्हणजे नॅशनल ऑफिसर, ती त्या देशाच्या नागरिकांसाठीच. जी म्हणजे ऑफिसचं सपोर्टचं काम. मग यूएन व्हॉलंटियर, नावात व्हॉलंटियर असलं तरी महिन्याला भत्ता मिळतो. यंग प्रोफेशनल प्रोग्रॅम म्हणून एक परीक्षा असते, त्याला वयाची अट ३२, म्हणजे मी बाद. आणि सगळ्यात शेवटी कन्सल्टंट. आपल्यासारख्या जिल्ह्यातल्या माणसाला खरी फट दिसते ती इथंच, कारण त्यांना ठरावीक भागातलं ठरावीक काम पाच-सहा महिन्यांत करून हवं असतं आणि दिल्लीत बसलेल्या माणसाला केज-धारूरच्या वाड्यावस्त्या माहीत नसतात. पण कन्सल्टंट म्हणजे नोकरी नाही हे डोक्यात पक्कं बसवा. पीएफ नाही, पगारी रजा नाही, आजारी पडलात तर तुमचं तुम्ही. सासूबाईंनी विचारलं होतं, पाच महिन्यांची नोकरी म्हणजे काय गं, रोजंदारीच की. तेव्हा राग आला होता, आता वाटतं फार काही चुकीचं बोलल्या नाहीत.

पहिले आठ अर्ज मी कसे केले ते सांगायला लाज वाटते पण सांगते. आपला बायोडेटा, वर उजव्या कोपऱ्यात फोटो, वडिलांचं नाव, पतीचं नाव, जन्मतारीख, जात प्रवर्गसुद्धा, खाली "वरील माहिती सत्य आहे" आणि सही, सोबत सगळ्या प्रमाणपत्रांचं स्कॅन. सगळीकडे तोच. कव्हर लेटरमध्ये मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे वगैरे. एकाचंही उत्तर नाही. आणि शॉर्टलिस्ट झाला नाहीत तर बहुतेक ठिकाणी कळवतसुद्धा नाहीत, ते जाहिरातीत खाली बारीक लिहिलेलं असतं, मी वाचलंच नव्हतं, रोज मेल उघडून बघत बसायची.

मध्येच एक ऑफर आली! मुलाखत नाही काही नाही, थेट ऑफर लेटर, निळा लोगो, परदेशातली पोस्ट, पगार डॉलरमध्ये, फक्त व्हिसा प्रोसेसिंगसाठी साडेअकरा हजार भरा. मेल आयडी जीमेलचा. नवऱ्यानं तर पेढ्याची गोष्ट काढली होती. मी भरणार होते, खोटं कशाला बोलू, भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ताई, नोकरी देणारा पैसे मागतो का कधी. तर लक्षात ठेवा, यूएनच्या कुठल्याही एजन्सीत अर्ज, मुलाखत, ट्रेनिंग कशालाच फी नसते, एक रुपयासुद्धा नाही.

नवव्या अर्जाला मुलाखतीपर्यंत गेले. त्यासाठी मी पाठांतर केलं, युनिसेफ १९४६ ला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मुलांसाठी निघाली, भारतात १९४९ पासून काम, बालहक्क करार १९८९, भारतानं तो ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला, सगळं तोंडपाठ. एकही विचारलं नाही. विचारलं काय तर, बालविवाह थांबवल्याचा एक प्रसंग सांगा. हा तर माझा हातखंडा! मी सुरू केलं, आम्हाला फोन आला, आम्ही गावात गेलो, आम्ही ग्रामसेवकांना भेटलो, आम्ही आईवडिलांना समजावलं. पॅनलवरच्या बाई म्हणाल्या, ठीक, पण यात तुम्ही स्वतः काय केलंत? मी परत, आम्ही असं ठरवलं की... तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला घाम फुटला. मला खरंच सांगता येईना. आपल्याकडे "मी केलं" म्हणणारा कार्यकर्ता आगाऊ समजला जातो, संस्थेच्या मीटिंगमध्ये कोणी मी-मी केलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. नऊ वर्षं आम्ही म्हणून म्हणून मी त्यात नेमकी कुठं उभी होते हेच पुसट झालं होतं. अर्थातच निवड झाली नाही.

मग एक वही केली. एकेक केस घ्यायची आणि चार गोष्टी लिहायच्या, काय घडलं होतं, माझ्या वाट्याला काय होतं, मी काय केलं, पुढे काय झालं. इंग्रजीत याला स्टार मेथड म्हणतात हे मला नंतर समजलं. अशा आठ केसेस लिहिल्या आणि मुद्दाम एक फसलेली लिहिली, ती लिहायला सगळ्यात जास्त दिवस लागले. सोळा वर्षांची मुलगी, दिवाळीनंतर आईवडील कारखान्यावर निघणार. ऊसतोडीत उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती कोयत्यावर, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, त्यामुळे पोराचं लग्न झालं की मुकादमाकडून नवीन उचल उठते, शिवाय वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची की फडावर न्यायची हा घोर आईला असतोच, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नांची घाई. आम्ही, नाही, मी गेले, लग्न थांबवलं, आईवडिलांकडून लेखी हमी घेतली, बाल कल्याण समितीला कळवलं आणि फाइल बंद केली. तीन आठवड्यांनी शेजारच्या तालुक्यात एका देवळात तिचं लग्न लागलं. फॉलोअपची तारीख मीच टाकली नव्हती. त्यानंतर मी स्वतःचं एक रजिस्टर सुरू केलं, लग्न थांबवल्यावर सातव्या दिवशी एक गृहभेट, महिन्यानं एक, आणि टोळ्या निघायच्या आठवड्यात एक. हे कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच.

बाराव्या अर्जाला अजून एक फजिती. कामाचा नमुना मागितला होता, मी आमचा जुना अहवाल जोडला, आत मुलींचे फोटो, नावं, गावं, सगळं उघडं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४, मुलाची ओळख उघड करायची नाही, हे मी स्वतः पोलीस स्टेशनला जाऊन शिकवलेलं आहे! पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवलं. तिथून नकार आला, तो त्याच कारणानं आला की नाही माहीत नाही, पण यायलाच हवा होता. या क्षेत्रात सेफगार्डिंग (आपल्या कामामुळे मुलांना धोका होऊ न देणं) हा शब्द फार गांभीर्यानं घेतात, नमुना पाठवताना नावं काढा, चेहरे काढा, गावाचं नाव पण काढा.

आता पैशाचं, कारण यावर कोणी बोलत नाही. कन्सल्टन्सीच्या जाहिरातीसोबत टीओआर असतो, म्हणजे काम काय, कधीपर्यंत, कोणकोणते डिलिव्हरेबल (अहवाल, पुस्तिका असं तयार काम) द्यायचे, आणि अर्जासोबत तुम्ही तुमचा कोट द्यायचा, एकरकमी, प्रवास राहणं जेवण धरून. मी आधी घाबरून इतका कमी कोट द्यायची की आता हिशोब केला तर जीपभाडं पण निघालं नसतं. मला वाटायचं स्वस्तात करणारी बघून घेतील. पण टीओआरमध्ये गुणांची वाटणी लिहिलेली असते, मला पुढे मिळालेल्या कामात टेक्निकल ८० आणि आर्थिक २० होती. सगळ्यात कमी कोटाला पूर्ण २० मिळतात, बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे सगळ्यात कमी ४ लाख असेल आणि तुमचा ५ लाख, तर तुम्हाला २० गुणिले ४ भागिले ५, सोळा. लाखभर जास्त मागून चारच गुण गेले, आणि ते चार टेक्निकलमध्ये भरून काढता येतात. शिवाय टेक्निकलमध्ये ठरावीक गुण पडले नाहीत तर कोट बघतच नाहीत. हे समजल्यावर मी पहिल्यांदा खरा हिशोब मांडला, किती दिवस घरून, किती दिवस गावात, गाडी, मुक्काम, इंग्रजी तपासून देणाऱ्याचे पैसे, इन्शुरन्स. रक्कम टाइप करताना हात थरथरत होता.

पंधरावा अर्ज एका यूएन एजन्सीचा, नाव नाही लिहीत. विषय ऊसतोड कुटुंबांमधले बालविवाह आणि ग्राम बाल संरक्षण समित्यांसाठी प्रशिक्षण पुस्तिका. दोन तासांची ऑनलाइन लेखी परीक्षा, त्यात एक केस, मुलगी सोळाची, लग्न परवा, मुलगी म्हणते मला करायचंय, कुटुंब चार दिवसांत निघणार. मी पहिलं वाक्य लिहिलं की मुलीशी घरच्यांपासून बाजूला एकटीशी बोलेन. मग बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक, २००६ च्या कायद्यात कोर्टाचा मनाई हुकूम कसा मिळतो, बाल कल्याण समितीपुढे कधी न्यायचं, आणि मग माझ्या रजिस्टरच्या तीन तारखा. मुलाखतीत नेमकं तेच विचारलं, तुमच्या हातून झालेली चूक सांगा. मी ती देवळातली गोष्ट सांगितली, तुटक्या इंग्रजीत, पण या वेळी आय, आय, आय. नंतर दोन मिनिटं त्या रजिस्टरवरच प्रश्न. तेव्हा वाटलं, जमतंय बहुतेक.

निवड झाल्यावरही महिना-दीड महिना कागदं. रेफरन्स चेक, ते खरंच फोन करतात, म्हणून माझ्या जुन्या सरांना आधी सांगून ठेवलं होतं. पी-११ फॉर्म (यूएनचा शिक्षण-अनुभवाच्या माहितीचा फॉर्म), मेडिकल फिटनेस, इन्शुरन्सचा कागद, बीसेफ नावाचा सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स आणि लैंगिक शोषण रोखण्याबद्दलचा दुसरा कोर्स, दोन्हीची सर्टिफिकेटं. कोर्स चालू असताना लाइट गेली, शेवटचे भाग मोबाइलवर गच्चीत उभं राहून केले. आणि एक, करारावर सही होईपर्यंत काम सुरू करू नका, त्याआधीचे दिवस कोणी मोजत नाही.

पैसे डिलिव्हरेबल मंजूर झाल्यावरच येतात. माझा पहिला अहवाल तीनदा परत आला, लाल कमेंटा घेऊन, पहिला हप्ता तिसरा महिना उलटल्यावर मिळाला, तोपर्यंत गाडीभाडं घरातून, म्हणजे थोडी गंगाजळी असल्याशिवाय यात पडू नका. त्यांनी टीडीएस कापला नाही म्हणून मी खूश होते, पूर्ण रक्कम आली म्हणून. सीएकडे गेले तर म्हणाला मॅडम तुमचा टॅक्स तुम्हीच भरायचाय, आणि ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा पण गेल्यात, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, आता व्याजासकट भरा. भरला.

काम झालं. पुढचं मिळेल असं वाटत होतं, पण २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि या क्षेत्रातल्या जाहिराती एकदम आटल्या, जिथं मोठमोठ्या अनुभवाची माणसं मोकळी झाली तिथं मला कोण विचारणार. सध्या कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवते, अर्ज चालू आहेत, एकविसावा मागच्या आठवड्यात टाकला.

पुस्तिका मात्र छापून आली. करारानुसार हक्क एजन्सीचे, त्यामुळे वर माझं नाव नाही, ते सहीच्या वेळीच माहीत होतं. मध्ये एका गावात दुसऱ्याच कामासाठी गेले होते, ग्रामपंचायतीत बसले तर ग्रामसेवकांनी कपाटातून एक प्रत काढून दिली. म्हणाले, मॅडम तुम्ही या लाइनमधल्या आहात ना, मग हे वाचाच, ते तीन तारखांचं रजिस्टर फार भारी आहे, आम्ही यंदा सुरू केलंय.

मी म्हटलं, द्या, वाचते.